जुंदबेदस्तर : बीव्हरच्या शिकारींतील वरकड उत्पन्न व त्याचे परिणाम

१

व्यापारी कंपन्यांच्या इतिहासाचा अभ्यास आमच्याकडे बहुधा सुरत, मुंबई, राजापूर येथील वखारींच्या कागदपत्रांपुरता होतो, व तें स्वाभाविकही आहे. तथापि त्याच काळांत, त्याच राजाच्या सनदेनें, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास जो एक व्यापार सुरू झाला त्याच्या जमाखर्चांतून आमच्या अभ्यासकांस उपयोगी पडेल असा एक धडा मिळतो. तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्या दुसऱ्या चार्ल्सनें १६६८ सालीं मुंबई बेट दरसाल १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें, त्याच राजानें २ मे १६७० रोजीं दुसऱ्या एका कंपनीस, हडसनच्या उपसागरास मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या मुलखांत व्यापार करण्याची सनद दिली. शिवछत्रपतींनीं सुरत दुसऱ्यांदा लुटली तें वर्ष हेंच. मुंबईचा खंड जसा नांवाचा, तसा या नव्या कंपनीवरील खंडही नांवाचाच होता : राजा किंवा त्याचे वारस त्या मुलखांत पाऊल ठेवतील तेव्हां त्यांस दोन एल्क व दोन काळे बीव्हर नजर करावेत, एवढीच अट. प्रिन्स रूपर्ट हा कंपनीचा पहिला गव्हर्नर. त्याच्याच नांवावरून त्या अफाट मुलखास ‘रूपर्टची भूमि’ असें नांव पडलें.

नजराण्यांत बीव्हरचें नांव यावें यांत नवल नाहीं. हा सारा व्यापार या एका जनावरावर उभा होता. बीव्हर हा उंदीर-खारींच्या वर्गांतील, पण त्यांच्याहून कितीतरी मोठा, पाण्यांत राहणारा प्राणी. झाडें कुरतडून पाडावीं, ओढ्यांस बांध घालावा, सांचलेल्या पाण्यांत फांद्यांचें व चिखलाचें घर बांधावें, हा त्याचा क्रम. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वरचे केस लांब व राठ, आणि त्यांखालीं दाट, मऊ लव. या लवेच्या प्रत्येक तंतूस सूक्ष्म खवले असल्यामुळें ती दाबली असतां एकमेकींत घट्ट गुंतते व तिचा उत्कृष्ट नमदा होतो. युरोपांतील प्रतिष्ठित गृहस्थांच्या हॅटा सुमारें अडीचशें वर्षें या नमद्याच्या होत असत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील बीव्हर इतके विरळ झाले होते कीं, हॅटवाल्यांस अमेरिकेकडे तोंड वळविण्यावांचून गत्यंतर उरलें नव्हतें.

हा भाग सर्वश्रुत आहे. ज्याकडे लक्ष कमी गेलें आहे तो भाग निराळा. कातडें हा मुख्य माल खरा. पण कातडें काढल्यावर जें उरतें त्याचें काय होत असे, तें कोण विकी, त्यापासून कोणास काय मिळे, आणि त्या किरकोळ दिसणाऱ्या प्राप्तीचा शेवटीं मूळ व्यापारावर काय परिणाम झाला, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

२

पारध्याच्या दृष्टीनें पाहिल्यास बीव्हरमध्यें टाकाऊ असें फारच थोडें. क्री, ओजिब्वे, इन्नू इत्यादि मूळच्या लोकांत बीव्हर हें आधीं अन्न होतें व मग माल. त्याचें मांस स्निग्ध. थंडीच्या दिवसांत त्या चरबीचें मोल फार. सपाट, खवलेदार शेंपटी हा तर मेजवानीचा पदार्थ. समोरचे नारिंगी रंगाचे दांत इतके कठीण व धारदार कीं, लांकूड कोरण्याच्या हत्यारास ते पात्यासारखे बसवीत. हाडें कुत्र्यांस घालूं नयेत, तीं परत पाण्यांत सोडावींत किंवा झाडावर टांगावींत, नाहींतर जनावर रुसेल व पुन्हां हातीं लागणार नाहीं, असा त्यांच्यापैकीं अनेक जमातींत निर्बंध होता. कातडें कमावणें, मांस सुकविणें, चरबी वितळविणें हीं कामें मुख्यत्वें स्त्रियांच्या हातचीं. म्हणजे ज्यास आपण वरकड उत्पन्न म्हणतों त्याचा पुष्कळसा भाग त्यांच्या श्रमांतून निघत असे, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

फ्रेंच वसाहतींतही मांसाचा उपयोग होई. कॅथलिक पंथाच्या उपासाच्या दिवशीं मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो. बीव्हर पाण्यांत राहतो व त्याची शेंपटी खवल्यांची, तेव्हां त्याची गणना माशांत करून तो खाण्यास तेथें मुभा होती. शास्त्र व पोट यांची अशी तडजोड आमच्याकडील वाचकांस अपरिचित वाटणार नाहीं.

समुद्रापलीकडे माल गेल्यावर दुसरी एक मालिका सुरू होई. कातड्यावरील लव काढून घेतल्यावर उरलेलें उघडें चामडें सरस करणाऱ्यांकडे जाई. सतराव्या शतकांत तर याहूनही चमत्कारिक एक वाट होती. राठ केस न तोडतां खालची लव तेवढी विंचरून काढण्याची कला त्या काळीं रशियांतील कारागिरांसच साधली होती. म्हणून पश्चिम युरोपांतून कांहीं कातडीं आर्केंजल बंदरामार्गें रशियांत जात. तेथें लव निघे, ती हॅटांकरितां परत येई, आणि राठ केसांसह उरलेलें कातडें कपड्यांच्या किनारीसाठीं रशियांतच विकलें जाई. एका जनावराच्या एका कातड्याचे असे दोन स्वतंत्र माल होत.

परंतु या सर्वांहून अधिक मोलाचा व अधिक विलक्षण असा उपपदार्थ एक होता. तो म्हणजे कॅस्टोरियम.

३

बीव्हरच्या शेंपटीच्या मुळाशीं, नरांत व मादींतही, पेराच्या आकाराच्या दोन पिशव्या असतात. त्यांत पिवळसर तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा द्रव सांठतो. पिशव्या कापून धुरांत किंवा वाऱ्यावर वाळविल्या म्हणजे आंतील द्रव घट्ट होतो. हेंच कॅस्टोरियम. हा पदार्थ औषध म्हणून कातड्याच्या व्यापाराहून फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत हिरोडोटसनें काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील लोकांचें वर्णन करितांना या जनावराचा व गर्भाशयाच्या विकारांवर त्याच्या अवयवाचा उपयोग होतो याचा उल्लेख केला आहे.

प्राचीनांनीं या पिशव्यांस वृषण समजण्याची चूक केली. त्यावरून अशी कथा रूढ झाली कीं, पारधी पाठीस लागला म्हणजे बीव्हर आपला तो अवयव स्वतःच तोडून टाकतो व जीव वांचवितो. कथा इसापाच्या नांवावर आहे. प्लिनीनें सेक्स्टियस नांवाच्या वैद्याच्या आधारें ती खोटी ठरविली. तरी ती मेली नाहीं. इंग्लंडांत सर टॉमस ब्राउन यास १६४६ सालीं लोकभ्रमांवरील आपल्या ग्रंथांत तिचें पुन्हां खंडन करावें लागलें. पिशव्या मादींतही असतात या एका निरीक्षणानें जी कथा कोलमडावी ती दोन हजार वर्षें टिकली. ग्रंथप्रामाण्याचें हें उदाहरण इतिहासाच्या अभ्यासकानेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आमच्या देशाशीं या पदार्थाचा संबंध येतो तो युनानी वैद्यकाच्या द्वारें. हकीम लोक त्यास जुंदबेदस्तर म्हणतात. इब्न सीना (मृत्यु १०३७) याच्या वैद्यकग्रंथांत हें औषध आहे, आणि त्या परंपरेबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. हा शब्द मुळांत फारसी. ‘बेदस्तर’ म्हणजे बीव्हर, आणि ‘जुंद’ हें फारसी ‘गुंद’ म्हणजे वृषण या शब्दाचें अरबी वळणाचें रूप. म्हणजे ग्रीकांची चूक नांवांत गोठून राहिली व औषधाबरोबर इकडे आली. ज्या देशांत हें जनावर नाहीं तेथें ती चूक पाहण्याचा प्रसंगही कोणास आला नाहीं. आणखी एक दुवा आहे. ग्रीक-लॅटिन भाषांत बीव्हरचें नांव ‘कास्तोर’. आमच्या एरंडेलास इंग्रज ‘कॅस्टर ऑइल’ म्हणतात, तें औषधांत त्यानें कॅस्टोरियमची जागा घेतली म्हणून असावें, असा कांहीं कोशकारांचा तर्क आहे.

औषधाच्या गुणाविषयीं एवढें सांगतां येतें कीं, तो सर्वस्वीं कल्पित नव्हता. बीव्हर विलो जातीच्या झाडांची साल खातो. त्या सालींतील वेदनाशामक द्रव्य सॅलिसिलिक आम्लाच्या रूपानें या पिशव्यांत आढळतें. अॅस्पिरिन याच कुळांतलें. १८६७ च्या ब्रिटिश औषधकोशांतही कॅस्टोरियम होतें, आणि तें हडसन उपसागराच्या मुलखांतून येतें असें तेथें नमूद होतें. पुढें औषध म्हणून त्याची चाल गेली व अत्तरें करणाऱ्यांनीं तें उचललें. चामड्यासारख्या वासाच्या अत्तरांत सुगंध टिकविण्यासाठीं तें घालीत.

४

आतां कंपनीच्या हिशेबाकडे वळूं. हडसन उपसागराच्या कांठच्या वखारींत नाणें चालत नव्हतें. हिशेबाचें परिमाण म्हणजे ‘मेड बीव्हर’, अर्थात् पूर्ण वाढलेल्या बीव्हरचें एक नीट कमावलेलें उत्तम कातडें. बंदूक, दारू, तंबाखू, घोंगडी, पितळी भांडें या प्रत्येकाचा भाव इतके मेड बीव्हर असा ठरलेला. तसाच उलट बाजूनें कोल्हा, अस्वल, मार्टेन यांच्या कातड्यांचाही. या कोष्टकांत कातड्यांखेरीज पिसें व कॅस्टोरियम यांसही स्थान होतें. ही गोष्ट दिसते त्याहून महत्त्वाची आहे. पारध्यास कॅस्टोरियमचे पैसे मिळत नसत. त्याचें रूपांतर त्याच परिमाणांत होई व त्याच्या खात्यावर जमा पडे. चांगलें कातडें हातीं न लागलें तरी कोठारांतील पिशव्यांवर थोडी दारू, थोडी तंबाखू उचलतां येई. वखारींच्या आसपास राहणारे क्री लोक तर बदकें-हंस मारून मांस पुरवीत व पिसेंही विकीत. पुढील शतकांत स्टर्जन माशाच्या हवेच्या पिशवीचा सरस, लिहिण्यासाठीं हंसाचीं पिसें, हंसाचीं कातडीं असा किरकोळ माल लंडनास जाऊं लागला. १८५३ ते १८७७ या काळांत कंपनीनें १७,६७१ हंसांचीं कातडीं विकलीं.

या मांडणींत पारध्याचा लाभ उघड आहे, कंपनीचाही आहे. जहाज वर्षांतून एकदां, बर्फ वितळल्यावर येई. कॅस्टोरियम वजनानें हलकें, टिकाऊ व किमती. जहाजांत त्यास जागा फारशी लागत नसे. तेवढ्या जागेंत लंडनच्या लिलावास एक जादा माल मिळे. उलट पारध्यासही त्यासाठीं निराळें जनावर मारावें लागत नसे. मारलेल्याच जनावराचा तो अधिक उपयोग होता. येथपर्यंत हें वरकड उत्पन्न निर्दोष होतें, किंबहुना मितव्ययाचें होतें, असेंच म्हणावें लागेल.

५

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मात्र या पदार्थाचा धर्म पालटला. तोंवर बीव्हर मारण्याची रीत कष्टाची होती. हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यावर जावें, लोखंडी पहारीनें बर्फ फोडावें, बीव्हरच्या लपण्याच्या जागा आवाजावरून हुडकाव्या, ओढ्याचें तोंड खुंटांनीं बंद करावें, घर फोडावें. सॅम्युएल हर्न यानें १७९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत या प्रकारचें बारकाईनें वर्णन केलें आहे. यास माणसें लागत, वेळ लागे, अनुभव लागे. तेव्हां शिकारीस आपोआप एक मर्यादा पडे.

आतां पोलादी सापळा व कॅस्टोरियम यांची जोड जमली. त्यामागील निसर्गनियम असा. बीव्हर आपल्या कुटुंबाच्या हद्दीवर चिखलाचे लहान ढीग रचतो व त्यांवर या पिशवींतील द्रव सोडतो. परक्या बीव्हरचा वास आला म्हणजे मालक तपासास धांवून येतो. पारध्यानें एवढेंच केलें कीं, काठाशीं उथळ पाण्यांत सापळा ठेवावा, वर एका काडीस थोडें कॅस्टोरियम लावून ती रोंवावी, आणि सांखळीचें टोंक खोल पाण्याच्या बाजूस बांधावें. आपली हद्द राखावयास आलेला प्राणी सापळ्यांत सांपडून खोल पाण्याकडे धांवे व बुडून मरे. घर फोडावयास नको, बर्फ फोडावयास नको. एकटा मनुष्य रात्रींतून अनेक सापळे लावूं शके.

डेव्हिड टॉम्पसन हा भूमापक व व्यापारी त्या मुलखांत प्रत्यक्ष वावरलेला. त्याचें आत्मवृत्त त्याच्या मृत्यूनंतर फार वर्षांनीं, १९१६ सालीं, टायरेल यानें संपादून प्रसिद्ध केलें. १७९७ च्या सुमारास या नव्या युक्तीचा प्रसार कसा होत होता, तीमुळें प्रथम पारध्यांस संपत्ति कशी आली, आणि मग थोड्याच वर्षांत ओढे ओस पडून तेच लोक कसे दरिद्री झाले, हें त्यानें नोंदविलें आहे. पूर्वेकडून आलेले इरोक्वा व इतर पारधी पोलादी सापळे घेऊन पश्चिमेंत पसरले, हेंही त्याच्या लिहिण्यावरून कळतें. या काळांत हडसन बे कंपनी व मॉन्ट्रियलची नॉर्थ वेस्ट कंपनी यांची स्पर्धा शिगेस पोंचलेली होती. आज आपण न मारल्यास उद्यां दुसरा मारील, ही भीति दोन्ही पक्षांस होती. तेव्हां नाश केवळ आमिषानें झाला असें म्हणणें अतिव्याप्त होईल. स्पर्धेनें हेतु पुरविला. आमिषानें साधन पुरविलें.

येथें वरकड उत्पन्नाचें खरें स्वरूप प्रकट होतें. पूर्वीं एका बीव्हरच्या पिशव्या म्हणजे त्या बीव्हरच्या किमतींत थोडी भर. आतां त्याच पिशव्या म्हणजे पुढील अनेक बीव्हरांचें मरण. विकावें तर आज थोडें मिळे. ठेवावें तर उद्यां अधिक कातडीं व पुन्हां अधिक पिशव्या मिळत. ज्यास व्यापारी जोडधंदा समजत होता, तो मूळ धंद्याचें भांडवल खाऊं लागला. आणि ही गोष्ट वखारीच्या वह्यांत कोठेंच दिसत नाहीं. कारण आमिष म्हणून खर्च झालेलें कॅस्टोरियम विकलें जात नसे, आणि जें विकलें जात नसे त्याची नोंद होत नसे.

६

१८२१ सालीं दोन्ही कंपन्या एक झाल्या. गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन याच्या कारभारांत, जेथें प्रतिस्पर्धी उरला नाहीं अशा भागांत, कंपनीनें बीव्हरची संख्या सांवरण्याचे उपाय योजिले : जिल्ह्यावार मर्यादा, उन्हाळ्यांतील शिकारीस मनाई, पोलादी सापळ्यांच्या वापरावर बंधनें. परंतु रॉकी पर्वतापलीकडे स्नेक नदीच्या खोऱ्यांत, जेथें अमेरिकन पारधी येण्याचा संभव होता, तेथें हेतुपुरस्सर उलट धोरण ठेविलें. पीटर स्कीन ऑग्डेन याच्या मोहिमांनीं १८२४ ते १८३० या काळांत तो मुलूख बीव्हररहित करण्याचा प्रयत्न केला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यास येण्याचें कारणच उरूं नये. ज्या आमिषाच्या सापळ्यास एका बाजूस बंधन, त्याचाच दुसऱ्या बाजूस शस्त्र म्हणून उपयोग. शत्रूच्या वाटेवरील मुलूख स्वतःच बेचिराख करण्याची नीति मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस नवी नाहीं. येथें मात्र गवत व धान्य यांच्या जागीं एक प्राणी होता.

पुढें रेशमी हॅटांची चाल पडली व १८४० च्या सुमारास बीव्हरचा भाव उतरला. त्यामुळें त्या प्राण्यास थोडा विसांवा मिळाला. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभीं उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागांतून तो नाहींसा झाला होता. जेथून हें औषध मुळांत आलें त्या युरोप-आशियांत तर त्या वेळीं सुमारें १,२०० बीव्हर उरले होते. तेथें कातड्याइतकीच या पिशव्यांची हांवही नाशास कारण झाली.

१९३० च्या सुमारास रूपर्ट हाउस या जुन्या वखारीच्या परिसरांत क्री लोकांवर उपासमार आली, तेव्हां तेथील व्यापारी जेम्स वॉट व त्याची पत्नी मॉड यांनीं निराळाच मार्ग धरिला. मॉड वॉट हिच्या खटपटीनें क्वेबेक सरकारकडून १९३२ सालीं सुमारें ७,२०० चौरस मैलांचा प्रदेश बीव्हरसाठीं राखीव मिळाला. क्री पारध्यांनींच जिवंत बीव्हरांच्या घरांची गणती व राखण केली, आणि संख्या वाढल्यावर ठराविक प्रमाणांत शिकार पुन्हां सुरू झाली. आज उत्तर अमेरिकेंत हा प्राणी पुन्हां विपुल आहे. वाळविलेल्या पिशव्याही तेथील फरच्या बाजारांत अजून विकल्या जातात.

७

या सर्वांतून आम्हांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली अर्थशास्त्राची. उपपदार्थापासून होणारी प्राप्ति ही मूळ मालाच्या प्रमाणांत राहील तोंवर काटकसर होय. परंतु जेव्हां उपपदार्थ हाच मूळ माल मिळविण्याचें साधन बनतो, तेव्हां काटकसरीचें रूप तसेंच राहून तिचा अर्थ उलटा होतो. क्री पारध्यानें पिशवी फेंकून न देतां विकली, यांत शहाणपण होतें. तीच पिशवी काडीस लावणाऱ्याच्या युक्तीसही त्या दिवसापुरतें शहाणपणच म्हणावें लागेल. फळ मात्र त्याच्या मुलांस भोगावें लागलें.

दुसरी गोष्ट इतिहाससंशोधनाची. आम्ही दप्तरांतील जमाखर्चाच्या रुमालांवर मोठा भरंवसा ठेवितों, आणि तो योग्यच आहे. पण जमाखर्चांत जी बाब लहान, ती इतिहासांतही लहान, असा नियम नाहीं. कंपनीच्या वह्यांत कॅस्टोरियमची ओळ कातड्यांच्या ओळींच्या खालीं कोठें तरी येते. तिचा खरा परिणाम पाहावयाचा तर टॉम्पसनसारख्या डोळस माणसाचें कथन, प्राण्याचा स्वभाव आणि पारध्याची रीत हीं तिन्ही त्या वहीशेजारीं उघडून ठेवावीं लागतात. आमच्या दप्तरांतही मध, मेण, लाख, शिंगें, मोरपिसें, वाघनखें अशा किरकोळ बाबी ठिकठिकाणीं पडलेल्या आहेत. त्यांची बेरीज करून न थांबतां, त्या कोणाच्या हातून आल्या व त्यांमुळें रानांत काय घडलें, हेंही कोणीं तरी विचारावें, अशी आमची विनंति आहे.